कातरलेली गाडी

"हात कोरडे आहेत ना?" काका आधी हे विचारायचे. मग स्वतःचे हात पंच्याला पुसायचे आणि तेव्हाच खोक्याचं झाकण उघडायचे. खोक्यात गाड्या होत्या. खऱ्या नव्हेत, जुन्या इंग्रजी मासिकांतल्या गाड्यांच्या जाहिराती.

गिरगावातल्या एका वाडीत, दुसऱ्या मजल्यावर काका एकटे राहायचे. मी त्यांच्याकडे पोळीभाजी करायला जायचे. जन्मभर छापखान्यात जाहिरातींची अक्षरं रंगवलेला माणूस, स्वतःची सायकलसुद्धा नव्हती. पण रस्त्यात एखादी जुनी गाडी दिसली तर बसमधून मधेच उतरायचे. तुम्हीही असं कुणीतरी पाहिलं असेल, दुसऱ्याच्या गाडीसमोर वाकून उभं राहिलेलं.

मी चौथी शिकलेली, मला इंग्रजी येत नाही. काका मराठीत करून सांगायचे. एकदा म्हणाले, "बाई, हे म्हणतात, ही गाडी दारात लागली की पाहुणे अंगणातच थांबतील." मी म्हटलं, आपल्या वाडीत ही शिरणार कुठून? दोन दिवस ते आठवून हसत होते.

त्यांची सगळ्यात लाडकी गाडी निळी, लांबलचक, दोन पानांवर पसरलेली होती. एकावर मागचा भाग, दुसऱ्यावर बॉनेट आणि दिवे. तशा गाड्या आपल्याकडे मोजक्याच आल्या, म्हणायचे. ते मासिक त्यांना खालच्या रद्दीवाल्याने दिलं होतं. तो काकांच्याच वयाचा. जुने अंक बाजूला ठेवायचा, आणि रविवारी सकाळी दोघं दुकानात चहा घेत ते चाळत बसायचे.

गणपतीआधी मी स्वयंपाकघरातल्या फळ्यांवरचे कागद बदलले. कागद अंथरायचा, पुढची कड खाली सोडायची आणि कात्रीने तिला त्रिकोणी नक्षी कापायची, ही आमच्या घरातली पद्धत. दारामागच्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात एक गुळगुळीत पान सापडलं. वरच्या बाजूला नुसता मजकूर होता. उलटून न पाहताच मी तेही अंथरलं आणि कापलं.

आठवड्याने काका गठ्ठा उपसत बसलेले दिसले. सुरकुत्या जाव्यात म्हणून निळ्या गाडीची दोन्ही पानं त्यांनी त्यातच दाबून ठेवली होती. आता एकच उरलं होतं. मधे रद्दीवाला येऊन वरची रद्दी घेऊन गेला होता. "त्यानेच नेलं," काका म्हणाले. "त्याला कळतं ना त्यातलं." मी आत जाऊन फळीवरच्या कागदाची कड उचलली. खालून गाडीचा गोल दिवा माझ्याकडे बघत होता.

मी कड परत खाली सोडली. काम जाईल याची भीती होतीच. पण त्याहून जास्त भीती, खोकं उघडताना काका आता मला हाक मारणार नाहीत याची होती.

त्या रविवारी काका चहाला उतरले नाहीत. पुढच्याही नाहीत. जिन्यात रद्दीवाल्याने मला विचारलं, "तब्येत बरी ना त्यांची? दोन अंक ठेवलेत बाजूला."

मी वर गेले आणि डबे उतरवले. बॉनेटवर तेलाच्या डब्याचा गोल डाग होता. बंपरभर माझ्या कात्रीचे त्रिकोण. पान काकांसमोर ठेवलं. "त्यांनी नाही नेलं," मी म्हटलं. "मी कापलं."

काका पान घेऊन खिडकीशी गेले. उजेडात धरून त्यांनी ते पाहिलं. मग म्हणाले, "बंपरला दात आलेत." आणि चपला घालून, दोन्ही पानं घेऊन जिना उतरले.

मी गॅलरीतून पाहिलं. काका मान खाली घालून काहीतरी सांगत होते. रद्दीवाल्याने पानं गठ्ठ्यावर शेजारी शेजारी जुळवून ठेवली, थोडा वेळ पाहिली, आणि समोरच्या चहावाल्याला दोन बोटं दाखवली.

परत आल्यावर काकांनी खोकं काढलं. "बाई, हात कोरडे आहेत ना?" मी पदराला दोनदा पुसले.

काका गेले तेव्हा पुतण्याने खोकं गाड्यांचे कागद जमवणाऱ्या एका गृहस्थांना दिलं. त्यांनी एकेक पान तपासलं आणि डागाची गाडी बाजूला ठेवली. ती मी मागून घेतली. आता माझ्या परळच्या खोलीत ट्रंकेत असते.

मध्यंतरी एका रविवारी रद्दीवाल्याला दाखवायला नेली. तो रद्दी बांधत होता. पानं पाहून उठला, आणि हातात घेण्याआधी दोन्ही हात सदऱ्याला पुसले.