हिऱ्याच्या पुडीवरची गाठ

इतवारीच्या सराफ्यात ईश्वरदास निपान्यांना आता 'पुड्या मिसळणारा म्हातारा' म्हणतात. म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांना हिरा आणि खडीसाखर शेजारी ठेवली तर मुंगी येईपर्यंत फरक कळायचा नाही. पण जिभेला हाड नसतं. मी त्यांना तसं म्हणत नाही. म्हणजे मी फार भला माणूस आहे असं नाही, मला फक्त खरं काय ते माहीत आहे.

मी गोविंदा. त्याच दुकानात बावीस वर्षं गल्ल्यावर बसतो. ईश्वरदास माझ्याआधी नऊ वर्षं तिथं हिऱ्यांच्या काउंटरवर. आम्ही दोघं तांडापेठेतल्या एकाच गल्लीतले, कोष्ट्याची पोरं. दोघांच्याही घरचे हातमाग बंद पडले आणि दोघंही पोटासाठी सोन्याच्या दुकानात शिरलो. त्याचं नाव झालं, मी नोटाच मोजत राहिलो.

नाव उगाच झालं नव्हतं. गिऱ्हाईक आलं की तो आधी त्याला काउंटरवरच्या झगझगीत दिव्यांखालून उठवायचा. "दिव्याखाली काच पण हासते, बाई. उजेडात चला," म्हणायचा आणि दाराशी न्यायचा. पांढऱ्या कागदाला मधोमध घडी घालून त्यात हिरा पालथा ठेवायचा, बाजूनं पाहायचा. पिवळट झाक दिसली की बाजूला. मग भिंग. मोठा हिरा मागणाऱ्याला सांगायचा, "वजनाच्या मांगं लागू नका. घडण चुकली असन तं बोराएवढा हिरा पण मेल्यावानी दिसते." कितीतरी लोकांना त्यानं महागाचा नको, हा घ्या, असं सांगितलं. शेठचा जीव तेव्हा वरखाली व्हायचा.

कारखान्यात वाढवलेले हिरे बाजारात आले तेव्हा तो स्वतःच सर्वांना सांगू लागला की हे डोळ्याला कळत नाहीत, भिंगालाही नाही. हिराच तो, पण किंमत खाणीतल्याच्या पासंगालाही पुरत नाही. आमच्या दुकानातही ते वेगळ्या कपाटात राजरोस विकायला होते. गल्लत होऊ नये म्हणून ईश्वरदासनं एक रीत लावली. सुरतेच्या खात्रीच्या व्यापाऱ्याकडून, मशीनवर तपासलेला खाणीतला माल आला की तो स्वतः निवडायचा, कागदाच्या पुडीत बांधायचा आणि वरून सुताची गाठ मारायचा. मागावर तुटलेला धागा सांधताना मारतात ती कोष्ट्याची गाठ. चपटी, बारीक, सुटत नाही, कापावीच लागते. पुडी कुणी उघडली तर पुन्हा तशी बांधणं त्या दुकानात कुणालाच जमणार नव्हतं.

एक माणूस सोडून.

कौसल्या मॅडम नरखेडकडच्या शाळेत मास्तरीण होत्या. निवृत्त झाल्यावर नागपुरात राहायला आल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी दागिना घ्यायचा म्हणून आमच्याकडे आल्या. सात खड्यांच्या हिऱ्याच्या कुड्या. दोन कानांचे मिळून चौदा हिरे. ईश्वरदासनं त्यांच्यासाठी तीन दिवस घालवून एका मापाचे, एका पाण्याचे चौदा निवडले. वर शिकवणीही दिली. "डोक्याले तेल लावताना काढून ठेवत जा, मॅडम. तूप-तेल हिऱ्याले लगेच चिकटते. कोमट पाणी, जरासं साबण अन् लहान लेकराचा ब्रश, बस. अन् दुसऱ्या दागिन्यासंग एका डबीत ठेवू नका. हिऱ्यावर ओरखडा हिराच पाडते." मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. मास्तरीणच शेवटी.

त्या दिवशी तो जेवायला गेला तेव्हा संजीवशेठनं मला आत बोलावलं. समोर मॅडमच्या चौदा हिऱ्यांची पुडी होती, सूत कापलेलं. "गोविंदाभाऊ, तुम्ही पण कोष्टीच ना? ही गाठ तुम्हाला येत असेल," शेठ म्हणाले. पुडीत काय भरलंय ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, कारखान्याच्या मालाचं कपाट उघडंच होतं.

मला धमकी दिली नाही, लालूच दाखवली नाही. मी नाही म्हटलं असतं तर शेठनं फार तर तोंड वाकडं केलं असतं. पण बावीस वर्षांत मला काय येतं हे पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. आणि ईश्वरदासचा मला हेवा वाटायचा, हेही सांगून टाकतो. मी गाठ मारली. मग शेठनं आणखी पाच पुड्या पुढे केल्या. त्याही बांधल्या. मी डावखुरा, त्यामुळे गाठ तीच पण पीळ उलटा. शेठला ते कळणं शक्य नव्हतं.

ईश्वरदास परत आला, त्यानं गाठ पाहिली आणि पुडी तशीच कारागिराकडे पाठवली. आपल्या गाठीवर कुणी शंका घेतं का? चष्मा लावून जवळून पाहिली असती तर कळलं असतं. पण तिथंच तो चुकला.

चार महिन्यांनी एका कुडीची फिरकी सैल झाली. मॅडम घराजवळच्या सोनाराकडे गेल्या. त्याच्याकडे मशीन होतं, त्यात हिरे कारखान्यातले निघाले. दुसऱ्या दिवशी त्या आमच्या दुकानात उभ्या होत्या, आणि दुकानात लग्नसराईची गर्दी होती.

"मी दुकान पाहून नाही घेतलं, ईश्वरदासजी. तुम्हाला पाहून घेतलं," एवढंच त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

शेठनं सगळ्यांदेखत हात जोडले, हिरे बदलून देतो म्हणाले. मग ईश्वरदासकडे वळले. "वय झालं त्यांचं. पुड्या मिसळल्या असतील. बघा, गाठ तुमचीच ना?" आणि उरलेल्या पाच पुड्यांतली एक त्याच्या हातात दिली.

या वेळी त्यानं चष्मा लावला. गाठीवरून अंगठा फिरवला, उलटा फिरवला. मग गल्ल्याकडे पाहिलं. माझ्या हातातली नोटांची थप्पी तशीच राहिली. त्यानं तोंड उघडलं असतं तर शेठनं अदलाबदलीची चोरी माझ्यावर ढकलली असती, आणि दोन महिन्यांवर माझ्या रुचिकाचं लग्न होतं. हे त्याला माहीत होतं. पत्रिका मीच त्याच्या घरी दिली होती.

"चुकलं माहं," तो मॅडमना म्हणाला. "माफ करा."

एकतीस वर्षांची नोकरी त्या संध्याकाळी संपली. मॅडम जाताना त्याच्याकडे न पाहता गेल्या. मी बोललो नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, लग्नातही नाही. लग्नाला तो आला नाही.

लग्न पार पडल्यावर मी हुडकेश्वरला त्याच्या घरी गेलो. दार मनकर्णावहिनीनं उघडलं, पाणी दिलं आणि ती आत निघून गेली. ईश्वरदास दिवाणावर बसला होता. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यानं हातानंच थांबवलं.

"एक सांग. काय भेटलं गा तुले त्याचं?"

"काहीच नाही."

"खरं सांग. पोरीच्या लग्नाले काही घेतलं असन. मी तेच समजून गप रायलो."

"एक रुपया नाही, भाऊ. शेठनं सांगितलं, मी बांधली."

त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता शिव्या देईल.

"काही तं घ्यायचं होतं गा गोविंदा," तो म्हणाला. "फुकटात विकलं तू मले."