गुलाबी गाडीची चावी

शोरूमच्या दारात बसलं की किस्से शोधावे लागत नाहीत, काचेवरच्या धुळीसारखे आपोआप जमतात. धूळ मी रोज पुसतो, किस्से राहू देतो. वाशिमच्या आमच्या शोरूममध्ये गाड्या पुसणं अन् गिऱ्हाइकाला गाडी देताना नारळ फोडणं, ही कामं माझी. हे किस्से एका गुलाबी गाडीचे.

*

गाडी खास लेडीजसाठी बनवलेली. सुजातानं मले पत्रक वाचून दाखवलं. पर्स अडकवायला हूक, चपलांचा कप्पा, अन् समोर लाइटवाला आरसा. सुजाता आमच्याकडची एकटीच सेल्सगर्ल, म्हणून गाडी तिच्या गळ्यात. मॅनेजरसाहेब म्हणाले, "दिवाळीपर्यंत विकली तर तू पक्की. नाही तर दुसरीकडं काम पाय." नोकरी गेली की घरचे लग्नाचं काढणार, हे तिनं मले सांगितलं होतं.

पहिले गाडीत बसले ते जऊळक्याचे एक पाटील. आरसा उघडला, लाइट लावला, मिशा नीट केल्या अन् उतरले.

"कशी वाटली, काका?" सुजातानं विचारलं.

"आरसा चांगला हाय. आता मोठी गाडी दाखव."

*

मग कारंज्याच्या शमीमआपा आल्या. त्यांचं बांगड्यांचं दुकान. सुजातानं चपलांचा कप्पा उघडला. "आपा, उंच टाचेच्या चपला यात ठेवायच्या."

"बेटा, दिवसभर दुकानात उभी राह्यते मी. उंच टाच घातली तर घरी कोन उचलून नेईन? माल किती मावते, ते सांग."

बांगड्यांचा खोका आणला, तर डिक्कीत बसेना. "पर्सपुरतीच बनवली वाट्टे," म्हणत आपा गेल्या. सुजातानं त्या दिवशी डबा उघडला नाही.

*

धनजच्या मास्तरीणबाई नवऱ्याला घेऊन आल्या. गुलाबी रंग पाहूनच म्हणाल्या, "पोरं चिडवतीन." पांढरी गाडी घेतली, ती दुसऱ्या सेल्समनकडून.

चाकाखाली लिंबू ठेवलं, मी नारळ फोडला. आता फोटोसाठी पुठ्ठ्याची मोठी चावी गाडीच्या मालकाला द्यायची. साहेबांचा हात सवयीनं नवऱ्याकडं गेला. तो मागं सरकला. "मले नका देऊ साहेब, मले सायकलबी येत नाही."

बाई नवऱ्याकडं बोट करत शांतपणे म्हणाल्या, "लायसन माह्यं, अन् चावी यायले काहून?"

साहेब कानापर्यंत लाल. संध्याकाळी सगळ्यांना तंबी मिळाली, यापुढं चावी बाईच्याच हातात.

*

दिवाळी तोंडावर आली. सुजातानं टेबलाचा खण आवरायला घेतला होता, तेवढ्यात पोहरादेवीकडच्या तांड्याच्या सरपंचबाई आल्या. जीप स्वतः चालवत. बाजूला नवरा, पांढरं पागोटं बांधलेले बापू. बाई गुलाबी गाडीभोवती फिरल्या, हूक ओढून पाहिला, म्हणाल्या, "हेच देय."

लिंबू झालं, नारळ झाला. साहेब या वेळी तयारीत. चावी दोन्ही हातांनी बाईंपुढं धरली. "ताई, गाडी तुमची, चावीबी तुमचीच."

बाईंनी नवऱ्याकडं बोट केलं. "मले कायले? माह्यी जीप हाय ना. हे यायच्यासाठी घेतली. आताच गाडी शिकले, जीपले भेतेत."

साहेबांनी सुजाताकडं पाहिलं अन् बारीक आवाजात म्हणाले, "पक्की."

बापू तोवर गाडीत बसले होते. पागोटं पर्सच्या हुकाला अडकवलेलं, आरशाचा लाइट चालू.

सुजाता खिडकीशी वाकली. "बापू, चपलांचा कप्पा इकडं हाय."