सोफ्यांच्या मागे झालेलं नाटक

"मॅडम, साहेब लोक बाकड्यावर कसे बसतील?" एचआरचे जोशी मला विचारत होते, आणि त्यांच्या मागून पांढऱ्या खोळीचा आणखी एक सोफा कँटीनमध्ये येत होता. प्रयोग तासाभरावर आला होता.

मी भोपाळमध्ये नाटकं बसवते, पण थिएटरात नाही. गोदामात, भाजीबाजाराच्या ओट्यांवर, जिथली गोष्ट तिथेच. हे नाटक भोपाळजवळच्या मंडीदीपमधल्या एका कारखान्यातलं. कामगारांनी जेवणाच्या सुट्टीत सांगितलेल्या गोष्टींतून आम्ही ते उभं केलं होतं. मुख्य गोष्ट रामकलीबाईंची. त्या याच कँटीनमध्ये पोळ्या लाटतात. नवऱ्याची बोटं प्रेस मशीनमध्ये गेली, तेव्हापासून त्या पोळीचे तुकडे करूनच त्याचं ताट वाढतात आणि लगेच दुसरीकडे वळतात. त्याला अवघडायला नको म्हणून. गोष्ट देताना त्यांची एकच अट होती. "दीदी, हम दोनों सामने से देखेंगे." मी शब्द दिला होता.

आमचं ब्लॉकिंग, म्हणजे कोणत्या वाक्याला कोण कुठे असणार याचा आराखडा, कँटीनच्या टेबलांवर बेतलेलं होतं. सगळे बाकांवर बसणार, नट त्यांच्यामधून फिरणार. जोशींनी टेबलं, बाकं सगळं बाहेर काढलं होतं. समोरच्या भिंतीवर बॅनर, खाली लाल गालिचा, त्यापुढे सोफे आणि काजूच्या बशा. कामगार सगळ्यात मागे, वाढपाच्या काउंटरपाशी, दोरीपलीकडे उभे. त्यांच्यातच रामकलीबाई आणि त्यांचा नवरा.

माझं डोकंच फिरलं. दुःख यांचं, कँटीन यांचं, आणि दोरीही यांनाच? सोफे हलवा, म्हटलं. जोशी पुण्याहून बदलीवर आलेले, बोलायला अगदी मऊ. "अहो, तुम्हाला स्टेज करून दिलं. इतकं कोण करतं?" आपण उपकार केलेत असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्याचाच जास्त संताप आला.

शोभा, आमची नायिका, सरकारी ऑफिसातली क्लार्क. तिने हळूच विचारलं, "ताई, कॅन्सल करायचं?"

"नाही. उलटं करायचं."

बॅनरसमोर सत्कार झाले, शाली झाल्या. दिवे बदलले, आणि नट स्वयंपाकघराच्या दारातून काउंटरपाशी आले. नाटक सोफ्यांच्या मागे सुरू झालं. साहेब लोक माना वळवून वळवून बघत राहिले. जोशी मला खुणा करत होते. मी बघितलंच नाही.

पोळीचे तुकडे करायचा प्रसंग शोभाने दोरीला टेकून केला, रामकलीबाईंच्या अगदी समोर. त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही. नवऱ्याचा हात धरून त्या सरळ बघत राहिल्या. तो हात तो एरवी खिशात ठेवतो.

दुसऱ्या दिवशी जोशींचा फोन आला. पाहुण्यांचा अपमान झाला, सेकंड शिफ्टचा प्रयोग रद्द. मग तो आम्ही गेटबाहेर चहाच्या टपरीशेजारी केला. ट्रकचे हॉर्न वाजत होते, तरी कोणी उठलं नाही.

पूर्वी नवी जागा पाहायला गेले की मी आधी उजेड बघायचे. आता आधी दार बघते. तीन जणांचा सोफा आत येत असेल, तर ती जागा मला नको.