पायांचं कोणी विचारत नाही

घरातला नाचाचा व्हिडिओ गेम कुणाला तरी देऊन टाकावा, म्हणून जाहिरातीत काय लिहायचं ते बघायला त्याची परीक्षणं वाचत बसले. एकाने मोठा दोष काढला होता: हा गेम फक्त हातातल्या रिमोटची हालचाल ओळखतो, खुर्चीत बसून हात हलवला तरी पूर्ण गुण मिळतात.

खरंच आहे. अर्धांगवायूनंतर आई तसंच खेळायची. एकेकाळी मंगळागौरीत सगळ्या आळीला फुगडीत दमवणारी बाई ती. जिंकली की मला चिडवायची, "उगाच उड्या मारतेस गं! इथे पायांचं कोणी विचारतच नाही."

समीक्षकाचं चुकलं नाही. पण त्या दोषावर माझी आई दोन वर्षं नाचली.

आता ती नाही. माझे पाय धड आहेत, पण गेममधलं गाणं सुरू झालं की खुर्चीतून उठवतच नाही.