तात्यांनी ट्रॅक्टर परत पाठवला

मंडळी, आज सकाळी तामलवाडीच्या रानात माझ्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, सोयाबीन मोडायला ट्रॅक्टर बोलावला होता.

"पाऊस न्हाय. काल दुपारी समदी पानं माना टाकून होती. पीक गेलं," ते म्हणाले.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. म्हणलं, "तात्या, आत्ता बघा की, पानं ताठ हायत." एक रोप उपटून दाखवलं. मूळ पांढरं, जिवंत होतं.

"पाणी कमी पडलं की झाडातली काही प्रथिनं ठरावीक जनुकं चालू करतात. मग झाड पानांवरची बारीक छिद्रं मिटून ओल जपतं. ते मेलं न्हाय, तात्या, लढतंय."

तात्या बराच वेळ ते मूळ बोटांत फिरवत राहिले. मग ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, "चहा घेऊन जा बाबा. रान राहू दे."

हे पीक अजून तग धरेल, मला खात्री आहे. तुमच्याकडं कुणी पीक मोडायला निघालंय का? आधी एकदा सकाळी रानात जाऊन पानं परत ताठ झालीत का ते बघाल?