तांबड्या मातीचा बांध

टेंभुर्णीच्या पुढे, ओढा ओलांडून चढाला लागलं की दोन्ही बाजूंना शेतं सुरू होतात. त्या शेतांमधले बांध इतके बारीक की त्यांवरून चालताना पाय एकापुढे एक टाकावा लागतो. कारण सगळ्यांना ठाऊक असतं. नांगरताना दर वर्षी फाळ थोडा बांधाकडे सरकवायचा. इकडचाही सरकवतो, तिकडचाही. याला बांध कोरणं म्हणतात आणि आपण कोरतो असं कुणीच म्हणत नाही.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात मी ही शेतं मोजत होतो. मृदसंधारणाची पदविका नुकतीच हातात आली होती आणि पाणलोटाच्या कामावर माझी नेमणूक झाली होती. मोजता मोजता एक बांध असा लागला की मी लेव्हलच्या दुर्बिणीतून डोळा काढून नुसता बघत राहिलो. बैलगाडी जाईल इतका रुंद. वर वाळलेल्या मारवेल गवताचे ठोंब. खालचं शेत काळ्या मातीचं, वरचं बरड आणि तांबडं. बांधही तांबडा, पण खुरप्यानं उकरून पाहिलं तर आत मधूनमधून काळी ढेकळं.

मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. बांध घालायचा तर माती शेजारूनच उकरतात, आणि उकरल्याची चर बरीच वर्षं दिसत राहते. इथे वरही चर नव्हती, खालीही नव्हती. मग एवढी माती आली कुठून?

हॉटेलात चहा पिताना विचारलं. एक जण म्हणाला, "धन पुरलंय तिथं." दुसरा म्हणाला, "धन न्हाई, भांडण पुरलंय. दुर्गाबाईला इचारा. पण म्हस्कूचं नाव काढू नका, न्हाईतर तुमची दुर्बीण ओढ्यात जाईल."

दुर्गाबाई वरच्या शेताच्या मालकीण. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगानं काटक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. माहेर जाफराबादकडचं. नवरा रामराव त्र्याऐंशीच्या सुमारास आजारानं गेला तेव्हा मुलगा शिवाजी शाळेत होता. दिरानं शेत बटाईनं मागितलं. दुर्गाबाईंनी दिलं नाही. स्वतः औत धरलं. बाईनं औत हाकलं तर पाऊस पडत नाही असं म्हणणारे होते. त्या वर्षी पाऊस चांगला झाला, मग ते दुसरं काहीतरी म्हणू लागले.

"आऊत शिकले, अन् त्याच्यासंगं बांध कोरायलाबी शिकले," त्या हसून म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? खालून म्हस्कू कोरायचा, वरून मी. बांध राह्यला एवढा." त्यांनी करंगळी दाखवली.

म्हस्कू खालच्या शेताचा. त्याचा बाप मेंढ्या घेऊन हिंडायचा. शेतात स्थिरावलेली म्हस्कूची पहिली पिढी. रामरावांना तो दादा म्हणायचा, म्हणून दुर्गाबाई त्याच्या वयनी.

अठ्ठ्याऐंशीला पाऊस सैल सुटला. करंगळीएवढा बांध एका दुपारी फुटला आणि दुर्गाबाईंच्या शेताची वरची माती वाहून म्हस्कूच्या कपाशीवर पसरली. शेत वाफशावर आलं तशा दुर्गाबाई पाटी घेऊन त्याच्या रानात उतरल्या.

"काय करून राह्यल्या, वयनी?" म्हस्कूनं विचारलं.

"माझी माती नेऊन राह्यले."

"माझ्या रानातून?"

"माझी तांबडी, तुझी काळी. आंधळ्यालाबी वळखू येईल."

"मंग तांबडीच न्या. काळीचं एक ढेकूळ गेलं तर वापस आणून द्यावं लागंल."

आणि तो खरंच हद्दीवर बसला. दुर्गाबाई पाटी भरून आणायच्या, म्हस्कू त्यातली काळी ढेकळं वेचायचा. पण ओली माती वेचून वेचून किती वेगळी होणार? मिसळलेली पाटी तो वर जाऊ देईना, त्या खाली परत टाकू देईनात. शेवटी भांडून भांडून पाटी हद्दीवरच रिकामी व्हायची. पुढे आठवडाभर हेच चाललं. बांधाशेजारी चर का नव्हती ते मला कळलं. तो बांध कुणी घातलाच नव्हता. न सुटलेलं भांडण तिथे साठत गेलं होतं.

त्या दिवसांपासून दोघांचं बोलणं बंद झालं आणि बांध मात्र टिकला. कारण त्याच्यावर दोघांची नजर. फाळ चार बोटं सरकला तरी पलीकडचा येऊन मुकाट्यानं उभा राहायचा.

मी खूश झालो. रुंद बांधानं माती-पाणी अडतं हे गावाला दाखवायला आयता नमुना सापडला असं वाटलं. गावाच्या बैठकीत तो विषय काढला आणि चढावरच्या शेतकऱ्यांनी मला तिथेच गप्प केलं.

"जागा दुर्गाबाईची गेली. पाणी तुंबून कपाशी तिची सडली. अन् भरली कोणाची विहीर? म्हस्कूची. असला बांध आम्ही कशाला घालावा, साहेब?"

सगळं खरं होतं. बांधानं अडवलेलं पाणी खाली मुरून, संक्रांतीला कोरडी पडणारी म्हस्कूची विहीर आता होळीच्या पुढे चालत होती. आणि दुर्गाबाईंची बांधालगतची पट्टी, शेतातली सगळ्यात कसदार, गेली दोन वर्षं जास्त पावसानं चिबडून गेली होती. कपाशी पिवळी पडायची आणि मुळं कुजायची. शिवाजी आता जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात होता, सुटीला यायचा. त्यानं आईला सांगितलं होतं, पेरणीच्या आधी मी बांध फोडणार. दुर्गाबाई हो म्हणत नव्हत्या, नाहीही म्हणत नव्हत्या. बांध फुटला असता तर चढावरच्या एकानंही माझं ऐकलं नसतं. आणि नाही फुटला तर त्यांची तिसरी कपाशी जाणार होती.

मी सांडवा सुचवला. बांधाच्या टोकाला दगडांचं तोंड ठेवायचं, ठरावीक उंचीच्या वरचं पाणी तिथून ओढ्यात जाईल. दगड किती उंच लावायचा, एवढाच प्रश्न. तो वाटला होता तितका साधा निघाला नाही. रविवारी सगळे बांधावर आले. वरच्या बाजूला दुर्गाबाई आणि शिवाजी, खाली म्हस्कू, मधे मी.

"साहेब, त्याला म्हणा, दगड हितं लाव," दुर्गाबाईंनी पायाच्या अंगठ्यानं जागा दाखवली.

म्हस्कू पाच हातांवर उभा होता. तो मला म्हणाला, "साहेब, वयनीला सांगा, तिथं लावला तर विहिरीत बेंडकुळीबी राह्यची न्हाई."

"बेंडकुळी त्याची. माझी कपाशी कोण बघंल?"

मी लेव्हल लावून एक उंची काढून दाखवली. तिथपर्यंत पाणी साचलं तर पट्टीच्या खालच्या दोन-तीन काकऱ्या, म्हणजे ओळीच, भिजत राहतील, बाकी रान लवकर मोकळं होईल. आकडा बरोबर होता. दोघांनाही तो आवडला नाही.

मग म्हस्कू जमिनीकडे बघत म्हणाला, "त्याच्याहून एक दगड वर ठेवा. बदल्यात माझ्या विहिरीच्या पाण्याची आठवड्याला एक पाळी वयनीची. हरभऱ्याला."

"मोटार कोणाची?" शिवाजीनं विचारलं.

"माझी. पाइप तेवढा तुमचा."

"पाळी कोणत्या दिवशी?" हे दुर्गाबाईंनी विचारलं, आणि माझ्याकडे न बघता.

म्हस्कू गडबडला. "साहेब, वयनीला म्हणा..."

"साहेबाला काय सांगून राह्यला? मी हितं उभी हाय ना!"

"मंग... सोमवारी."

"सोमवारी मी बाजाराला जाते."

"मंगळवारी."

"लाइट नसली तर?"

"आता वयनी, लाइट काय मी खिशात घालून हिंडतो का?"

शिवाजीला हसू आवरेना. दुर्गाबाई हसल्या नाहीत. "दगड लाव," त्या म्हणाल्या. "पण चुन्यात न्हाई, सुटा लाव. कपाशी पिवळी दिसली की मी काढून फेकंल."

शिवाजीनं बांध फोडला नाही. निर्णय पुढे ढकलला, एवढंच.

श्रावणात दोन दिवस लागून पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी मी घाईनं गेलो तर वरचा दगड काढून बाजूला ठेवलेला आणि सांडव्यातून पाणी चाललेलं. मला वाटलं, मोडला करार. दुर्गाबाई पट्टीत कपाशीची पानं उलटून बघत होत्या.

"काढलात शेवटी?" मी म्हणालो.

"म्या न्हाई. मी यायच्या आधीच त्यानं काढल्ता." त्या सरळ उभ्या राहिल्या. "म्हणे, विहीर भरायला लई पाऊस पडायचा हाय. कपाशी एकदा गेली की गेली."

कपाशी हिरवी होती. खालच्या दोन काकऱ्या मलूल, बाकी चांगल्या. चार दिवसांनी मी पुन्हा गेलो तेव्हा बांधालगतची ओल उतरली होती; दुर्गाबाईंनी तो दगड स्वतः उचलला, जागेवर बसवला आणि पायानं दाबून पाहिला. पलीकडे म्हस्कू विहिरीत वाकून बघत होता.

"पाणी किती हात चढलं रे?" त्यांनी बांधावरून ओरडून विचारलं.

"तुमच्या हरभऱ्यापुरतं हाय, वयनी!"

"हरभऱ्याचं मी बघते. तू आधी हात सांग!"