फक्कीची गाडी

गवंड्याने सकाळी प्लॉटवर फक्की मारली. पांढऱ्या रेघांनी घर उमटले, पायऱ्या उमटल्या आणि उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत आमची गाडी. गाडी बसत होती, तरी माझा जीव काही भांड्यात पडेना.

"एकदा बसून तर बघू," म्हणत बायकोने गाडीच्या चौकोनात, माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, नेहमीच्या जागी, प्लास्टिकची खुर्ची ठेवली. आप्पा काठी टेकत आले. दारातली रांगोळी ओलांडावी तशी त्यांनी रेघ जपून ओलांडली आणि बसले.

"आता उतरा, आप्पा," ती म्हणाली.

नसलेले दार उघडायला त्यांनी हात लांब केला, तो शेजाऱ्यांच्या भिंतीला टेकला.

मी गाडी मोजली होती ती दारे मिटलेली. घर आखताना आपण सगळे मिटलेलेच धरतो की काय? कपाटे मिटलेली, माणसे आहेत तिथेच, आहेत तेवढीच. पण दार उघडणार, हात काठी शोधणार, उद्या कुणाला आधार द्यायला शेजारी माणूस लागणार. ती जागा कुठून आणू? पायऱ्या सरकवू, की खोली कापू? आणि कुणाची?

"एवढं काय त्यात? मी रस्त्यावरच उतरत जाईन," आप्पा म्हणाले.

मी टेप घेऊन पुन्हा वाकलो. मान वर केली तेव्हा रेघ पुसू नये म्हणून ते पाय जवळ ओढून बसले होते. घराचा पायाही खणला नव्हता, आणि आप्पा त्यात अंग चोरून बसले होते.